दुसरें मत

डोंबिवलीला आमच्या शेजारीं एक गृहस्थ राहतात. त्यांचा व्यवसाय मालवाहतुकीचा. व्यवसाय म्हटला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें गाड्यांची रांग उभी राहील, म्हणून आरंभींच सांगून टाकतों कीं त्यांच्या मालकीचा ट्रक एकच आहे, आणि त्या एका ट्रकावरहि बँकेचें कर्ज आहे. भिवंडीच्या गोदामांतून माल उचलावयाचा, कसाऱ्याचा घाट चढून तो नाशिकच्या बाजूला पोंचता करावयाचा, आणि परततांना कांद्याचें भाडें मिळालें तर तें पदरांत पाडून घ्यावयाचें, हा त्यांचा नित्यक्रम. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके रात्रीं ते माझ्याकडे आले. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर एकदम म्हणाले, "सर, तुम्ही नीतिशास्त्र शिकवत होता, म्हणून विचारतो. पंधरा वर्षं ज्या मिस्त्रीकडं गाडी नेली, त्याला न सांगता ती दुसऱ्याला दाखवली, तर ती बेइमानी होते का हो?"

मीं आयुष्यभर कॉलेजांत नीतिशास्त्र शिकविलें. पण इतका सरळ प्रश्न मला कोणत्याहि विद्यार्थ्यानें विचारल्याचें आठवत नाहीं. परीक्षेंत घालण्याजोगा तो प्रश्न नव्हे, असेंच तेव्हां आम्हां सर्वांना वाटत असावें.

हकीकत अशी होती. घाट चढतांना गाडीची ताकद एकाएकीं गेली. ड्रायव्हरनें ती कशीबशी मागें फिरवून कल्याणपर्यंत आणली. नेहमींच्या गॅरेजांत मिस्त्रींनीं गाडीला स्कॅनर जोडला, त्याच्या पडद्यावर दोषाचा एक आंकडा उमटला, आणि दुसऱ्या दिवशीं खर्चाचा कागद शेजाऱ्यांच्या हातीं पडला. डीझेलचा मोठ्या दाबाचा पंप गेला आहे. पंपाबरोबर सहाहि इंजेक्टर बदलावे लागतील, नळ्या बदलाव्या लागतील, टाकी उतरवून धुवावी लागेल. एकूण रक्कम साडेतीन लाखांच्या घरांत. इतके पैसे त्यांच्यापाशीं नव्हते हें सांगावयास नकोच. आणि गाडी उभी राहिली म्हणून बँकेचा हप्ता कांहीं उभा राहत नाहीं.

पूर्वींच्या गाड्यांत निम्में निदान मालकालाहि करतां येत असे. काळा धूर आला तर डीझेल जास्त किंवा हवा कमी, निळा आला तर आंत ऑइल जळत आहे, हें घाटांतल्या चहावाल्यालाहि ठाऊक होतें. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे नव्या गाड्यांना धुरासंबंधींचे 'भारत स्टेज सहा' हे नियम लागू झाले, आणि शेजाऱ्यांचा ट्रक त्या नंतरचा आहे. अशा इंजिनांत डीझेल हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजार पट दाबानें सिलिंडरांत फवारलें जातें. पंपाच्या आंतील भागांमधली फट आपल्या केसाच्या जाडीहून कितीतरी पट लहान असते. डोळा, कान, नाक या जुन्या साक्षीदारांची साक्ष येथें अपुरी पडते, आणि म्हणून स्कॅनरला विचारावें लागतें. पण स्कॅनर तरी काय सांगतो? दाब कमी आहे, इतकेंच. फिल्टर तुंबला असेल, टाकीकडून येणाऱ्या नळींत हवा शिरत असेल, पंप झिजला असेल, एखादा इंजेक्टर आंतल्या आंत डीझेल परत सोडीत असेल, किंवा दाब मोजणारा सेन्सरच खोटें बोलत असेल. थर्मामीटर ताप आहे एवढें सांगतो. हिंवताप कीं विषमज्वर हें सांगणें त्याचें काम नव्हे. मधली जागा मिस्त्रींच्या बुद्धीनें भरावयाची असते, आणि त्याच जागेंत त्यांचा स्वार्थहि सुखानें बसूं शकतो.

भाजीबाजारांत आपण वांगें हातांत घेऊन पाहतों. घरीं आणल्यावर तें किडकें निघालें तर निदान फसलों हें तरी कळतें. गॅरेजांत तेंहि कळत नाहीं. सहा इंजेक्टर बदलले, गाडी चालूं लागली. आतां सहांची गरज होती कीं एकाची, याचा निकाल कोण लावणार? चालणारी गाडी दोन्ही पक्षांची साक्षीदार असते. १९७३ सालीं मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं अशा व्यवहारांचा एक निराळाच वर्ग पाडला. विकत घेतल्यावरहि ज्याची योग्यता घेणाऱ्याला पारखतां येत नाहीं, केवळ विश्वासावरच घ्यावा लागतो, असा तो माल. वैद्य, वकील, मिस्त्री हे सारे त्या वर्गांतले. गरज किती हें सांगणारा आणि ती पुरवून पैसे घेणारा येथें एकच असतो.

मग दुसऱ्याला विचारावें, हा उपाय कोणालाहि सुचेल. पण त्यांत एक अडचण आहे, आणि ती फार जुनी आहे. प्लेटोच्या 'खार्मिदीस' या संवादांत साक्रेटीस असा प्रश्न उभा करतो कीं, ज्याला स्वतःला वैद्यक येत नाहीं त्यानें खरा वैद्य आणि वैद्याचें सोंग घेतलेला मनुष्य यांतला भेद ओळखावा कसा? ओळखण्यास वैद्यकच यावें लागेल. आणि तें येत असतें तर वैद्याची गरज नव्हती. आमच्या शेजाऱ्यांना एक मिस्त्री पारखतां येत नव्हता. दोन मिस्त्री समोर आणल्यानें पारखण्याची शक्ति त्यांना कोठून येणार होती?

तरीहि त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मीं तत्काळ दिलें. दुसऱ्याला विचारणें ही बेइमानी नव्हे. ज्याच्या हातीं आपलें सर्वस्व द्यावयाचें त्याच्या शब्दाची शहानिशा करणें हा त्याचा अपमान नाहीं. आपलें सर्वोच्च न्यायालयहि हाच मार्ग सांगतें. २००५ सालीं जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यांत त्यानें असें ठरविलें कीं, डॉक्टरवर हयगयीचा फौजदारी आरोप ठेवण्यापूर्वीं दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचें मत घेतलेलें असावें. येथें दुसरें मत पहिल्याच्या विरुद्ध उगारलेलें शस्त्र नसून त्याचें संरक्षण आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

हें ऐकून शेजाऱ्यांचा चेहरा उजळला, आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. ते आधींच जाऊन आले होते! दुर्गाडीचा पूल ओलांडून कोनच्या बाजूला एका मिस्त्रीला त्यांनीं दोन दिवसांपूर्वीं गाडी दाखविली होती. पहिल्या गॅरेजवाल्यांना सांगितलें कीं पैशांची सोय होईपर्यंत गाडी घरीं ठेवतों. दुसऱ्याला सांगितलें कीं गाडी अजून कोणालाच दाखविलेली नाहीं. म्हणजे दोन सत्यें मिळविण्यासाठीं दोन असत्यें खर्चीं घातलीं. दुसऱ्या मिस्त्रींनीं फिल्टर काढून पाहिला, तो तुंबलेला होता. इंजेक्टरांतून परत येणारें डीझेल बाटल्यांत धरून मोजलें, एकांतून फार येत होतें. त्यांचें मत पडलें: फिल्टर, एक इंजेक्टर आणि मजुरी. चाळीस हजारांत काम होईल.

"पंधरा वर्षं लुटत होता, सर!" शेजारी म्हणाले.

माझें मन खरोखर येथें थबकलें. साडेतीन लाख आणि चाळीस हजार यांच्यामधल्या फरकाखेरीज पहिल्या मिस्त्रींविरुद्ध दुसरा पुरावा काय होता? कांहीं नाहीं. पण मनुष्याच्या मनाला फरक हाच पुरावा वाटतो, आणि तोहि एकाच दिशेनें. दुसऱ्यानें सात लाख सांगितले असते तर "पहिला फार सज्जन" असें शेजारी म्हणाले असते. "पहिल्याला कांहीं कळत नाहीं" असें म्हणाले नसते. जें मत आपल्या खिशाला रुचतें तें आपल्याला शहाणें वाटतें. दुसरें मत विचारावयास आपण निघतों तेव्हां पुष्कळ वेळां मत विचारावयास निघालेलों नसतोंच. आपल्या मनांत ठरलेल्या उत्तरावर सही करणारा हात शोधावयास निघालेलों असतों. मुलीच्या पत्रिकेसाठीं तीन ज्योतिष्यांच्या पायऱ्या झिजविणारे आपणच असतों ना?

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा 'श्रद्धेचें नीतिशास्त्र' या अर्थाच्या नांवाचा एक निबंध आहे, १८७७ सालचा. त्याच्या आरंभीं एका जहाजमालकाची गोष्ट येते. जहाज जुनें झालेलें, डागडुजी वारंवार केलेली. तें परदेशीं वस्तीला निघालेल्या कुटुंबांना घेऊन समुद्रावर जाणार. तें तपासून घ्यावें असें मालकाच्या मनांत येतें. पण खर्च मोठा. मग तो मनाची समजूत घालतो. इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीहि होईल; देव या बापड्या लोकांना सांभाळील. हळूहळू त्याचा तसा मनापासून विश्वास बसतो. जहाज बुडतें आणि तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषीच. विश्वास प्रामाणिक होता हें त्याला वांचवीत नाहीं, कारण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. पुढें तो आणखी म्हणतो कीं, जहाज बुडालें नसतें तरी दोष तेवढाच.

ट्रक म्हणजे जहाज नव्हे, हें खरें. परंतु कसाऱ्याच्या उतारावर इंजिन बंद पडलें तर सुकाणूला मिळणारी मदत थांबते, आणि ब्रेकला लागणारी हवा भरून देणारा कॉम्प्रेसरहि थांबतो. त्या वेळीं गाडींत शेजारी नसतात. ड्रायव्हर असतो आणि क्लीनर असतो. आणि पुढच्या वळणावर कोणाची तरी एस्. टी. असते. चाळीस हजारांचें मत स्वीकारण्याची किंमत ज्यांना द्यावी लागली असती, त्यांतला एकहि माझ्या दिवाणखान्यांत त्या रात्रीं हजर नव्हता.

शिवाय महागाचें मत खरें असण्याचें एक कारण या यंत्रांत खरोखरच असतें, तेंहि सांगावयास हवें. मोठ्या दाबाचा पंप आंतून झिजूं लागला कीं धातूचा बारीक चुरा डीझेलबरोबर पुढें वाहतो, नळ्यांत जातो, इंजेक्टरांत अडकतो, आणि उरलेल्या डीझेलबरोबर टाकींत परत येतो. मग नुसता पंप बदलला तर तो चुरा नव्या पंपालाहि खातो. अशा वेळीं "सगळें बदला" असें म्हणणारा मिस्त्री लुटारू नसतो. तोच काय तो सावध असतो. उलट चाळीस हजारांत काम करून देणारा मनुष्य सज्जन असूनहि मालकाला चार महिन्यांनीं चार लाखांच्या खड्ड्यांत घालूं शकतो. स्वस्ताई ही प्रामाणिकपणाची खूण नव्हे, जशी महागाई ही लबाडीची नव्हे. पण चुरा आहे कीं नाहीं, हें तर पाहिलें पाहिजे!

आपल्या जुन्या ग्रंथांत या प्रश्नाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आढळतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील चौथें अधिकरण कंटकशोधनाचें, म्हणजे समाजांतले कांटे वेंचण्याचें. त्याचा पहिलाच अध्याय कारागिरांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें यावर आहे. विणकर, परीट, सोनार यांच्या लबाड्या आणि त्यांचे दंड तेथें दिलेले आहेत. जिवावरच्या दुखण्याची वर्दी न देतां उपचार करणाऱ्या आणि रोगी दगावविणाऱ्या वैद्यालाहि तेथें दंड आहे. ही राजाची दृष्टि. तिला संशय शोभतो. चरकसंहितेची दृष्टि निराळी. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायांत एका वैद्यानें दुसऱ्या वैद्याशीं चर्चा करण्याचा विधि सांगितला आहे. तिचे प्रकार दोन: एक संधाय संभाषा, म्हणजे स्नेहानें केलेली, आणि दुसरी विगृह्य संभाषा, म्हणजे जिंकण्यासाठीं केलेली. पहिल्या प्रकारांत निःशंकपणें विचारावें, निःशंकपणें सांगावें, हरण्याची भीति धरूं नये, आणि समोरचा हरला तर आनंद मानून तें चारचौघांत मिरवूं नये, असें चरक सांगतो. आमच्या शेजाऱ्यांनीं नकळत दुसरा प्रकार पत्करला होता. दोघां मिस्त्रींना एकमेकांच्या नकळत एकमेकांविरुद्ध उभें केलें होतें, आणि ज्याला युद्ध चालू असल्याचेंच ठाऊक नव्हतें त्याला हरलेला ठरविलें होतें.

दुसऱ्याला पहिल्याचें मत सांगावें कीं सांगूं नये, हा एक बारीक प्रश्न आहे. सांगितलें तर तो भिडेनें मान डोलावतो, किंवा गिऱ्हाईक मिळविण्यासाठीं मुद्दाम उलट बोलतो. न सांगितलें तर पहिल्यानें जें पाहिलें त्याचा उपयोग वायां जातो. मला वाटतें, पहिल्यानें काय पाहिलें तें सारें सांगावें. त्यानें काय ठरविलें आणि किती रक्कम मागितली, हें मात्र दुसरा बोलून होईपर्यंत पोटांत ठेवावें. आणि मताचे पैसे निराळे द्यावे. ज्याला मत देण्याचे पैसे मिळतात आणि काम मिळणार नाहीं हें पक्कें ठाऊक असतें, त्याला खोटें बोलण्याचें कारणच उरत नाहीं. डॉक्टरला आपण तपासणीचे पैसे बिनतक्रार देतों. मिस्त्रीनें दोन तास गाडीखालीं निजून "कांहीं झालेलें नाहीं" असें सांगितलें तर त्याच्या हातावर चहापुरते टेकवतों. मग त्यानें कांहीं तरी झालेलें आहे असें सांगितलें, तर नवल तें काय?

मीं शेजाऱ्यांना सुचविलें कीं दोघांना एकत्र आणा. ते कचरले. पंधरा वर्षांचा संबंध, मिस्त्रींची मुलगी ह्यांच्या लेकीच्या वर्गांत. कोणत्या तोंडानें सांगावें? शेवटीं रविवारीं मीहि बरोबर गेलों. पहिले मिस्त्री आधीं दुखावलेच. "शेट, मला विचारायचं होतं की," एवढेंच म्हणाले, आणि फडक्यानें हात पुसत राहिले. दुसरे मिस्त्री मोटारसायकलवरून आले. त्यांना येण्याचे दीड हजार रुपये ठरवून दिले होते, आणि काम येथेंच होणार हेंहि सांगितलें होतें.

"पंपावरचा व्हॉल्व्ह काढला होता का तुम्ही?" पहिल्यांनीं विचारलें.

"नाही."

पहिल्यांनीं तो काढला. त्याच्या तोंडाशीं जमलेलें डीझेल एका पांढऱ्या चिंधीवर टिपलें आणि चिंधी उन्हांत धरली. तिच्यावर चांदीच्या वर्खासारखी बारीक चमक होती. दुसरे मिस्त्री वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "माझं चुकलं, शेट. हा काढून बघायला पाहिजे होता. पंप गेलाय. हे म्हणतात ते बरोबर आहे."

गिऱ्हाइकासमोर, प्रतिस्पर्ध्याच्या दारांत, आपलें चुकलें म्हणणारा मनुष्य मीं विद्यापीठांच्या परिषदांतहि क्वचितच पाहिला आहे. साक्रेटिसाच्या अडचणींतून थोडीशी वाट मला तेथें दिसली. दोन मतांतलें खरें कोणतें हें आम्हां दोघां अडाण्यांना ठरवितां आलें नसतें. पण तीं दोन मतें एका चिंधीपुढें उभीं केल्यावर कोण कसा वागतो, हें आम्हांला दिसत होतें. तेवढ्यासाठीं यंत्रशास्त्र शिकावें लागत नाहीं.

तरी एक शंका मला राहवेना. मीं पहिल्या मिस्त्रींना विचारलें, "हें तुम्हीं आधीं पाहिलें होतें?"

"पहिल्याच दिवशी."

"मग यांना कां नाहीं दाखविलें?"

"दाखवून काय समजणार होतं त्यांना?"

प्रामाणिक मनुष्याचें हें उत्तर आहे, आणि तेंच मला अधिक अस्वस्थ करतें. लबाड मिस्त्री दाखवीत नाहीं, कारण दाखविण्यासारखें कांहीं नसतें. प्रामाणिक मिस्त्री दाखवीत नाहीं, कारण समोरच्याला अक्कल नाहीं असें त्याला वाटतें. दाराबाहेर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोघांचें गप्प बसणें सारखेंच ऐकूं येतें. आम्हीं प्राध्यापकांनीं, डॉक्टरांनीं आणि वकिलांनीं या मिस्त्रींना हंसण्याचें कारण नाहीं.

इंजेक्टरांवरून मात्र दोघांचें एकमत झालें नाहीं. पहिल्यांचें म्हणणें, सहाहि बदला; दुसऱ्यांचें म्हणणें, धुऊन यंत्रावर तपासून घ्या, एखाद-दुसरा वांचेल. येथें चिंधी उपयोगी पडणारी नव्हती.

या सर्व वेळांत ड्रायव्हर गाडीच्या सावलींत बसून होता. पंप गेला कां, अशी चर्चा निघाली तेव्हां तो प्रथमच बोलला. डीझेलमध्यें पाणी असल्याचा दिवा तीन आठवड्यांपूर्वींच लागला होता. त्यानें इगतपुरीहून फोन करून शेटना तसें कळविलें होतें. सकाळीं इंजिन सुरू करतांना आवाजहि बदलल्याचें सांगितलें होतें. शेटनीं सांगितलें होतें, माल उतरवून ये, मग बघूं. त्या पाण्यानेंच पंप खाल्ला असावा, यावर दोन्ही मिस्त्रींचें लगेच एकमत झालें. शेजारी कांहीं बोलले नाहींत. ज्याला ते पहिलें मत समजत होते तें वस्तुतः दुसरें होतें. पहिलें केव्हांच मिळालें होतें, एकहि पैसा न देतां, आणि ज्या माणसानें तें दिलें त्याच्याशीं त्यांचा संबंधहि आठ वर्षांचा होता. साडेतीन लाखांच्या मताची शहानिशा करण्यासाठीं त्यांनीं दुर्गाडीचा पूल ओलांडला. फुकटच्या मताची करावी, असें त्यांना वाटलें नाहीं. परत येतांना रिक्षांत ते मला म्हणाले, "तो रोजच काही ना काही सांगत असतो हो." मीं उत्तर दिलें नाहीं. माझ्या घरींहि रोज कांहीं ना कांहीं सांगणारी माणसें आहेत.

पंप नवा बसला, टाकी उतरवून धुतली. इंजेक्टर तपासून घेतले. चार बदलले, दोन जुनेच राहिले. ते दोनहि बदलावयास हवे होते, असें पहिले मिस्त्री अजून म्हणतात, आणि त्यांचें खरें असेलहि. गाडी तूर्त चालते आहे. पाण्याचा दिवा लागला तर ड्रायव्हरनें कोणाला न विचारतां गाडी बाजूला घेऊन उभी करावी, असें आतां ठरलें आहे. हें त्याला सांगतांना मीं तेथें होतों. शेजाऱ्यांनीं शेवटीं एवढीच पुस्ती जोडली, "पण खात्री असेल तरच हां."